माझ्या पॅनवर नवऱ्याने ऑप्शन ट्रेडिंग केलंय, आता जबाबदारी कोणाची?

रातराणी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३७, ठाण्यात राहतो, एक मुलगी चौथीत. मी एका कंपनीत पेरोल बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या पगारातलं पै-पै कुठे गेलं ते मला तोंडपाठ असतं आणि स्वतःच्या पगाराचं काय होतं ते विचाराल तर... हसायचं असेल तर हसून घ्या. लग्न झाल्यापासून पैशाचं सगळं नवरा बघतो. माझ्या पगाराच्या खात्याला मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याने काढून दिलेला, आयटीआर तोच भरतो, मी फक्त फॉर्म १६ व्हॉट्सॅपवर पाठवते. माणूस वाईट नाही हो, व्यसन नाही, कधी पैसे मागितले तर नाही म्हणालेला नाही (मागितले हा शब्द लिहिताना आत्ता मलाच कसंतरी झालं पण असो).

तर या वर्षी आमच्या ऑफिसात रिटर्न भरायला एक सीए बसवला होता, सगळ्या भरत होत्या म्हणून मीही म्हटलं बघू. पासवर्ड रिसेट करण्यातच अर्धा तास गेला कारण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि तो मीटिंगमधे. शेवटी लॉगिन झालं, त्या मुलाने एआयएस (आयकर खात्याकडे आपल्या वर्षभराच्या व्यवहारांची नोंद असते ते स्टेटमेंट) उघडलं आणि खाली स्क्रोलच करत बसला. शेअर विक्रीच्या नोंदींची ही रांग. "मॅडम, तुम्ही ट्रेडिंग करता?" म्हटलं नाही हो. तो म्हणाला ब्रोकरचं पी अँड एल, म्हणजे नफ्या-तोट्याचा हिशोब, काढून आणा. ते आणलं तर त्यात शेअर्स राहिले बाजूला, ऑप्शनमधे (म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर लावलेले सौदे) ४ लाख १० हजार तोटा. माझ्या नावावर. माझ्याच पगारातून.

नवऱ्याला विचारलं तर चिडला वगैरे नाही, आधी गप्प बसला, मग म्हणाला तुझा टॅक्सचा स्लॅब कमी म्हणून तुझ्या नावाने उघडलं होतं, सुरुवातीला नीट चाललं होतं, घरासाठीच करत होतो. तेव्हा मला आठवलं, लॉकडाऊनमधे मी कणीक मळत होते, तो फोन घेऊन आला आणि म्हणाला हा कागद तोंडाजवळ धर आणि कॅमेऱ्यात बघ. कागदावर चार आकडे लिहिलेले. मी धरला. पिठाच्या हाताने. कशाचं काय विचारलंसुद्धा नाही. ते हेच खातं उघडणं होतं.

बहीण म्हणते फसवलंय तुला सरळ सरळ. आई म्हणते पुरुषमाणसं करतात हे व्यवहार, होतं कधी मागेपुढे, तू कशाला डोकं घालतेस. मला दोन्ही पटत नाहीये. कायद्याने यात मी कुठे आहे? आणि भांडण न करता हे सगळं स्वतःच्या हातात घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

तिखटमीठ:

बहीण बरोबर बोलतेय. न सांगता बायकोच्या पगारावर जुगार खेळायचा आणि वर घरासाठीच करत होतो! हेच उलटं झालं असतं, तू त्याच्या पैशाने चार लाखाची भिशी बुडवली असतीस, तर सासरी काय महाभारत झालं असतं सांग. सुरुवात कुठून विचारतेस तर उद्याच नवीन खातं उघड आणि पगार तिकडे वळव. भांडण न करता वगैरे नंतर बघू.

निवृत्त कॅशियर:

ताई, बँकेत चौतीस वर्षं काढली त्यामुळे थोडं लिहितो.

काउंटरवर नवरा-बायको जोडीने आले की मी मुद्दाम बाईंकडे बघून विचारायचो, तुमचं नाव काय. दहातल्या सहा वेळा उत्तर साहेब द्यायचे. शिकलेल्या, नोकरीवाल्या बायका, त्यातल्या दोन तर आमच्याच दुसऱ्या ब्रँचमधे क्लार्क.

कायद्याचं विचाराल तर पॅन तुमचा, केवायसीतला फोटो तुमचा, खातं तुमचं, म्हणजे व्यवहार तुमचे. "नवरा बघतो" असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. बंगळुरूची एक केस पेपरात गाजली होती. बाई बाळंतपणाच्या रजेवर, २०१३ साली त्यांनी कार्ड आणि पिन देऊन नवऱ्याला २५ हजार काढायला पाठवलं, मशीनमधून चिठ्ठी आली पण पैसे आलेच नाहीत आणि खात्यातून गेले. बँक म्हणाली पिन दुसऱ्याला दिलात हीच चूक. बाई ग्राहक मंचात गेल्या, २०१८ मधे निकाल बँकेच्या बाजूने. सख्ख्या नवऱ्याला दिला होता पिन, चोराला नव्हे. तरी.

सुरुवातीचं म्हणाल तर पैशाला हात लावायच्या आधी मोबाईल नंबर. पगाराच्या खात्याला, आधारला, पॅनच्या पोर्टलला, डिमॅटला, पीएफला, सगळीकडे तुमचा नंबर आणि तुमचा ईमेल. हे होत नाही तोवर बाकी काहीही करा, किल्ली दुसऱ्याच्याच खिशात राहणार. बँकेत अर्ज देऊन होतं, आधारचं केंद्रात जाऊन होतं. मग आपल्या नावावर काय काय आहे याची झडती घ्या. एआयएस तुम्ही पाहिलंत, त्यात व्याज, डिव्हिडंड, म्युच्युअल फंड सगळं येतं. फंड आणि डिमॅटचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर मागवता येतं, फुकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक ब्युरोकडून (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. त्यात तुम्ही कुणाच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीन आहात का ते दिसेल. भाऊजींच्या टेम्पोच्या लोनला वहिनी जामीन आणि वहिनींनाच पत्ता नाही असं मी स्वतःच्या डोळ्याने पाहिलंय.

आणि पीएफचं नॉमिनेशन. लग्नाआधी नोकरीला लागला असाल तर तेव्हाचं नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरावं लागतं, निम्म्या लोकांनी भरलेलं नसतं. तुम्ही पेरोलमधे आहात म्हणजे हे तुम्ही इतरांना सांगत असणारच.

चहाबाज:

जरा वेगळं बोलतो, आवडणार नाही कदाचित. नफा झाला असता तर हा धागा आला असता का? चार लाखाचा फायदा होऊन नवऱ्याने कोकणात रिसॉर्ट बुक केलं असतं तर आपण सगळे फोटो बघत असतो. मग तोटा झाल्यावर तो एकटा गुन्हेगार कसा?

ट्रेडिंगचं समर्थन करत नाहीये. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मधे आकडे दिले होते, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे वाचूनही प्रत्येक जण स्वतःला उरलेल्या सात टक्क्यांतला समजतो, मीही समजायचो, ते जाऊदे.

माझा मुद्दा इतकाच की बारा-तेरा वर्षं तुमचा पगार कुठे जातो ते तुम्ही एकदाही बघितलं नाही. बघू दिलं नाही असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. पेरोल करणाऱ्या बाईला स्टेटमेंट वाचता येत नाही असं तर नाही ना. बघितलं नाही कारण बघायचं नसलं की बरं असतं. वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, एलआयसीची तारीख, कशाचीच कटकट डोक्याला नाही. ते सुख घेतलंत तर...

तिखटमीठ:

@चहाबाज आली का गाडी बाईवर! सकाळचा डबा, मुलीचा अभ्यास, सासूचं डायलिसिस, नोकरी, हे सगळं करून तिने वीजबिलाची तारीखपण लक्षात ठेवायची का? आणि त्या सुखात नवरा डबा भरतो का?

चहाबाज:

@तिखटमीठ सासूचं डायलिसिस कुठून काढलंत? धाग्यात सासूच नाहीये.

तिखटमीठ:

माझ्या सासूचं. मुद्दा तोच आहे.

रातराणी:

अरे भांडू नका 😅

चहाबाज, वाचून आधी राग आला. मग रात्री विचार केला, नफ्याचा प्रश्न खरंच अवघड आहे. नसता आला धागा. त्याने मला कधी अडवलं नाही हेही खरं. पण बघायचं नव्हतं एवढंच नव्हतं ते. सुरुवातीला एकदोनदा विचारलं होतं तर "तुला नाही कळणार, किचकट आहे" असं हसत म्हणाला होता, आणि मी रोज तीनशे लोकांचा टीडीएस काढते! तेव्हा हे म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही कारण खरं सांगायचं तर मला तो बघतोय हे आवडायचंसुद्धा. मैत्रिणींमधे सांगायचे मी, आमच्याकडे मला काही बघावं लागत नाही.

कॅशियर काका, खूप आभार. क्रेडिट रिपोर्ट काल काढला. होम लोनला सहकर्जदार आहे ते माहीत होतं, पण एक पर्सनल लोनही निघालं माझ्या एकटीच्या नावावर, अडीच लाख, गेल्या दिवाळीतलं. ॲपवरून दोन मिनिटांत मिळालेलं. हप्ते वेळेवर जातायत. कशासाठी ते आता कळायला फार हुशारी लागत नाही.

सोयाबीनवाली:

ताई मी वर्धा जिल्ह्यातली, तुमच्यासारखी नोकरी नाही, शेती आहे. आमच्या सासूबाईंचं सांगते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं, त्याच्यानंतर लक्ष्मी मुक्ती म्हणून मोहीम निघाली, की नवऱ्यानं आपल्या जमिनीतला थोडा तुकडा बायकोच्या नावानं करून द्यायचा. हजारो लोकायनं करून दिली. आमचे मामंजी संघटनेचा बिल्ला लावून फिरणारे, त्यांनीबी दोन एकर सासूबाईंच्या नावानं केले. गावात सत्कार झाला, हार घातला, फोटो अजून भिंतीवर आहे.

अन मग? सातबारा मामंजींच्या पेटीत. पेरायचं काय ते मामंजी ठरवणार, विकायचं ते मामंजी. नावानं जमीन झाली म्हणून गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्जबी सासूबाईंच्या नावानं निघू लागलं, अंगठा त्यांचा, पैसा बियाण्याच्या दुकानात. २०१७ ला कर्जमाफीचा ऑनलाइन फॉर्म भरायला नवरा-बायको दोघायले सेवा केंद्रात जावं लागे, तिथं त्या पोरानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आजी तुमच्या नावावर इतकं थकीत. तवा म्हातारीले कळलं की आपण सोसायटीच्या थकबाकीदार आहोत! घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. कर्जाचं दुःख नव्हतं हो, गावातल्या बायायसमोर वाचलं याचं.

पण पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी मले म्हणे, पेटीतला कागद काढ अन वाचून दाखव. सातबारा, आठ-अ, सोसायटीचं पासबुक, सारं वाचून घेतलं. तिथून पुढं त्या दोन एकरात काय पेरायचं ते त्यांनीच सांगितलं. पहिल्याच वर्षी तूर लावली अन भाव पडला. मामंजी चिडवत, म्हणे पाहा तुमचं राज्य. ह्या म्हणत, पडला तर पडला, माझ्या वावराचा पडला ना. वर्षभर टोमणे खाल्ले पण पुढच्या सालीबी वावर सोडलं नाही. मामंजी गेले त्याले चार वर्षं झाली, पासबुक अजून त्यांच्याच उशाशी आहे, पोराले हात लावू देत नाहीत. कधी कधी अती करतात असंबी वाटते मले, पण ठीक आहे.

पेन्सिल:

टॅक्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, सीए फायनलला आहे, पण तुमचे कागद मी बघितलेले नाहीत तर ऑफिसातल्या त्या मुलाला दाखवूनच करा.

ऑप्शनचा तोटा हा बिझनेस लॉस धरतात, त्यामुळे नेहमीचा आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-३ लागेल. तोटा आहे मग कशाला दाखवायचा असं वाटतं लोकांना, पण दाखवायचाच असतो, आणि मुदतीत रिटर्न भरलं तर तो आठ वर्षं पुढे ओढता येतो. उशीर झाला तर ते गेलं. पगारातून मात्र हा तोटा वजा होत नाही. मागच्या वर्षांचे आयटीआर-१ नवऱ्याने भरले असतील आणि तेव्हाही ट्रेडिंग होतं तर ते उघडून बघावे लागतील. कर कमी भरला गेला असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, त्याची मुदत आता चार वर्षं केलीय, जादा कर भरून. तोटा दाखवण्यासाठी मात्र ते वापरता येत नाही.

अजून एक. पैसा नवऱ्याचा असता आणि नाव नुसतं तुमचं असतं तर ते उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं. म्हणजे "तुझा स्लॅब कमी" हा हिशोब तेव्हाही चालला नसता. तुमच्या केसमधे पैसा पगारातला म्हणजे तुमचाच, त्यामुळे तोटाही पूर्ण तुमचा. भावजींना हे दोन्ही एकदा समजावून सांगा, कारण बरेच लोक खरंच असं समजतात की बायकोचं पॅन म्हणजे टॅक्स वाचवायची जादा खिडकी.

निवृत्त कॅशियर:

पेन्सिलताईंनी छान सांगितलं. एक राहिलं होतं, मृत्युपत्र. सदतिसाव्या वर्षी मृत्युपत्र म्हटलं की लोक अंगावर येतात म्हणून मघाशी लिहिलं नाही.

हिंदू वारसा कायद्यात बाईच्या स्वकमाईचा क्रम बघा. मृत्युपत्र नसेल तर आधी नवरा आणि मुलं. ती कुणीच नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्याच्या नंतर! १९५६ चा कायदा आहे, बाई कमावेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नसावं. तुम्हाला मुलगी आहे म्हणून तुमचं तसं अडत नाही, पण आईला काही द्यायची इच्छा असेल तर लिहूनच ठेवावं लागेल. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं नाही, नॉमिनी मालक होत नाही, शेअर्सच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या डिसेंबरात हेच सांगितलं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही, सही दोन साक्षीदारांसमोर करायची, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार ठेवू नका म्हणजे पुढे वाद नको.

रातराणी:

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, ऑफिसात महिनाअखेर होती.

सोयाबीनवाली ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुरीचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

तर झालं काय की रविवारी मुलगी क्लासला गेल्यावर बसलो दोघं. मी ठरवलं होतं की चार लाखावर बोलायचंच नाही, नाहीतर संध्याकाळ त्यातच जाते. सरळ कागद पुढे ठेवला, नंबर कुठे कुठे बदलायचे त्याची यादी. तो म्हणाला विश्वास नाही का माझ्यावर. मी म्हटलं तुझ्यावर आहे की नाही ते नंतर बघू, पण नोटीस आली तर माझ्या नावाने येणार आहे आणि तेव्हा मला उत्तर देता आलं पाहिजे. यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला पर्सनल लोनचे हप्ते मी माझ्या पगारातून भरतो. मी नको म्हटलं, अर्धे भर. तिखटमीठ आता मला मारणार माहितीये, पण कर्जाच्या कागदावर नाव माझं आहे आणि पूर्ण त्याच्यावर टाकलं की परत तोच बघणार, मी परत विचारणार नाही, मला माझी खोड माहितीये.

डिमॅटमधलं एफ अँड ओ बंद करायची रिक्वेस्ट मी स्वतः टाकली, माझ्या फोनवरून. खातं ठेवलंय. मी शिकणारे आता, आधी साधे फंड. बुडाले तर माझे.

आईला सांगितलं तर म्हणाली "मग आता जावयाला काय काम उरलं?"

तिखटमीठ:

मारणार नाही पण अर्धे हप्ते मला अजिबात पटलेले नाहीत, नोंद करून ठेव. त्याच्या चुकीची किंमत तू का भरायची? पुढच्या दिवाळीला परत काही निघालं तर मी आहे इथे.

चहाबाज:

पटलं नाही तरी ठरवलं तिने आहे. यावेळी कुणी सांगितलं म्हणून नाही.

बाकी एफ अँड ओ बंद केलंत उत्तम. आता ईमेलचाही पासवर्ड बदला, ब्रोकरचं सगळं तिकडेच येत असणार, आणि तो ईमेल त्याने काढून दिलाय असं तुम्हीच लिहिलंय.

रातराणी:

अरे हो! ते राहिलंच. त्याचा रिकव्हरी नंबरपण त्याचाच असणार. एक बावळट प्रश्न, बँकेत नंबर बदलायला शनिवारी जाऊ का? मला तेवढाच वेळ मिळतो.

निवृत्त कॅशियर:

बावळट काही नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी जा, आणि साडेदहाच्या आत जा, नंतर पेन्शनरांची गर्दी होते, त्यात मीही असतो. पॅन आणि आधारची ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या, झेरॉक्सवर सही तिथे समोर करा, घरून करून नेऊ नका. नवीन सिम तुमच्या नावावर आहे ना ते आधी बघा. फॅमिली प्लॅन घेतला असेल तर तेही बहुतेक भावजींच्याच नावावर निघेल.